मागचा आर्म खोलायचाय? आधी टेप काढा

मागच्या सस्पेन्शनवर यावेळी एवढी पत्रं आलीत की क्लच आणि बॅटरीवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागेल. फिरून फिरून सगळ्यांचं एकच, आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी दांडी, काढायचा कसा. अहो, काढणं हा त्यातला सोपा भाग आहे. काढण्याआधी काय मोजून ठेवलं आणि बसवताना गाडी कुठल्या उंचीवर होती, काम टिकणार की नाही ते यावर ठरतं, त्यामुळे खालच्या उत्तरांत तेच जास्त सापडेल.

प्रश्न: सर, माझ्या सेडानला मागून डावीकडून खड्ड्यात चाक गेलं की ढक् असा आवाज येतो आणि त्याच टायरची आतली कड जास्त झिजलीये. गॅरेजवाला म्हणतो लोअर आर्म गेला, अख्खा बदला. मला स्वतः काढून बघायचंय खरंच गेलाय का. पाने, सॉकेट, ट्रॉली जॅक, स्टँड सगळं आहे, ब्रेक पॅड घरीच बदलतो. जमेल का?

जमेल, पण ब्रेक पॅडसारखं सरळ काम नाही हे, कारण मध्ये स्प्रिंग बसलीये. आणि मुळात बुश, म्हणजे आर्मच्या टोकातला मध्ये लोखंडी नळी असलेला रबरी सांधा, गेला की नाही हे बघायला आर्म काढावा लागतोच असं नाही. चाक लटकत असताना बुश ताणलेला असतो आणि खराब असला तरी गप्प बसतो, म्हणून शक्यतो चाकांवर वजन असताना, म्हणजे गाडी रॅम्पवर किंवा पिटवर उभी असताना, बुशच्या शेजारी टॉमी (लोखंडी दांडा) घालून हलकेच ढकला. रबर थोडं दबणार आणि परत येणार, ते ठीक. पण आतली लोखंडी नळी रबर सोडून एकटीच हलत असेल, किंवा टक् करून धातूला धातू लागत असेल, तर बुश गेला. मग चाक उचलून घड्याळाच्या १२ आणि ६ वर हात ठेवून हलवा, नंतर ३ आणि ९ वर. ३-९ ला प्ले (ढिलेपणा) जाणवला तर टो लिंककडे, म्हणजे चाकाची दिशा धरून ठेवणाऱ्या दांडीकडे बघा, १२-६ आणि ३-९ दोन्हींत सारखाच असला तर बेअरिंगचा संशय जास्त. स्टॅबिलायझरची (दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या आडव्या बारची) लिंक, शॉकअपचा वरचा माउंट आणि स्प्रिंगचं खालचं टोकही बघून घ्या. स्प्रिंगचा शेवटचा वेढा तुटून खालच्या कपात पडून राहतो आणि अगदी असाच ढक् आवाज देतो, आणि शिव्या खातो बिचारा आर्म.

एवढं करूनही आर्मच काढायचं ठरलं तर पहिलं हत्यार पाना नाही, टेप आहे. गाडी सपाट जागेवर, टायरमध्ये बरोबर हवा, आत सामान नाही, आणि हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतचं अंतर मागच्या दोन्ही बाजूंना मोजा आणि मडगार्डवर कागदी टेप चिकटवून त्यावरच लिहून ठेवा, कारण तेलकट हातांनी मोबाईलमधली नोंद कोणी शोधत नाही. हा आकडा काम संपताना लागणार आहे.

मग पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, हँडब्रेकवर विसंबू नका, तो मागच्याच चाकांवर काम करतो आणि तीच तुम्ही हवेत उचलताय. चाकाचे नट जमिनीवर असतानाच सैल करा. मागची दोन्ही बाजू उचला, एक नको, कारण एकच बाजू लटकली की स्टॅबिलायझर बार पीळ खाऊन बसतो आणि लिंकचा बोल्ट निघताना उडतो. स्टँड कंपनीने दिलेल्या जागेखालीच, आणि काढलेलं चाक बॉडीखाली आडवं सरकवून ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही, "दोनच मिनिटं" वाले पण नाही.

आता जे जे आर्मला चिकटलंय ते सोडवा. एबीएसची वायर, हँडब्रेक केबलची क्लिप, स्टॅबिलायझरची लिंक, आणि हेडलाइट आपोआप वरखाली होणाऱ्या गाड्यांमध्ये एक बारीक प्लास्टिकची दांडी मागच्या आर्मला लागलेली असते, ती हमखास राहून जाते आणि तुटते. त्यानंतर आतल्या बोल्टकडे बघा. डोक्याखालचा वॉशर गोल असूनही भोक मध्यात नसेल आणि कडेला रेघा असतील तर तो एक्सेंट्रिक बोल्ट, त्याच्यावरच कॅम्बर (चाकाचा उभा कल) किंवा टो (चाक आत-बाहेर किती वळलंय ते) सेट केलेला असतो. वायर ब्रशने साफ करून वॉशर आणि सबफ्रेम (आर्म जिला बोल्टने जोडलेले असतात ती खालची चौकट) दोन्हींवर मिळून एक सरळ खूण करा, नुसता मार्कर पुसला जातो, पांढरा पेंट किंवा टोच्याने ओरखडा बरा. ही खूण किती महत्त्वाची ते सांगतो. टो लिंक हबच्या मध्यापासून १५ सेंटिमीटरवर जोडलेली धरा, तिथे १ मिलिमीटर फरक पडला तर चाक साधारण ०.४ अंशांनी वळतं. मागच्या चाकाचा टो बहुतेक गाड्यांत अंशाच्या दशांशात मोजतात, म्हणजे १ मिलिमीटरमध्ये टायरची वाट.

आणि आता स्प्रिंग. तुमच्या गाडीत स्प्रिंग शॉकअपभोवती आहे की वेगळी आर्मवर बसलीये ते आधी बघा. शॉकअपभोवती असेल तर निम्मी काळजी मिटली. आर्मवर असेल तर हिशोब करा, १३०० किलोची गाडी, मागे ४० टक्के वजन धरलं तर ५२० किलो, म्हणजे एका चाकावर २६०. स्प्रिंग आर्मच्या मधोमध असेल तर तिला चाकावरच्या भाराच्या जवळपास दुप्पट ताकद लावावी लागते. चाक लटकल्यावर ती बरीच कमी होते पण शून्य होत नाही, आणि चाक खाली किती जाईल ते बऱ्याच गाड्यांत शॉकअपच अडवून धरतो. म्हणून आधारावाचून शॉकअपचा खालचा बोल्ट काढायचा नाही. आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली लाकडी गुटका ठेवून जॅक लावा, थोडा भार घ्या, स्प्रिंगमधून साखळी ओवून बॉडीच्या एखाद्या मजबूत भागाला सैल बांधा, मग शॉकअपचा बोल्ट, मग नकलजवळचा (चाकाचा हब ज्यात बसतो त्या तुकड्याजवळचा) बाहेरचा बोल्ट, आणि मग जॅक अगदी हळू खाली. तुमचं डोकं स्प्रिंगच्या रेषेत नको, बाजूला बसा. जॅक पूर्ण खाली येऊनही स्प्रिंग ताठ असेल तर स्प्रिंग कॉम्प्रेसर लागणार, टॉमीने उचकटून काढायचा मोह टाळा. स्प्रिंग निघाली की आतला बोल्ट काढा, आर्म हातात. नकल मात्र तारेने वर बांधून ठेवा, ब्रेकच्या होजवर लटकू देऊ नका.

प्रश्न: आमच्या छोट्या हॅचबॅकखाली वाकून बघितलं तर मागे आर्म दिसतच नाही, एक जाड आडवा बीम आहे फक्त. कुणी काढून टाकलंय का?

नाही हो. तो टॉर्शन बीम, किंवा ट्विस्ट बीम. १९७४ च्या पहिल्या फोक्सवॅगन गोल्फपासून छोट्या गाड्यांत हा प्रकार पसरला, जागा कमी, भाग कमी, खर्च कमी. मर्सिडीजने १९८२ मध्ये १९० मॉडेलला पाच दांड्यांचं मल्टिलिंक लावलं आणि पुढे ते मोठ्या गाड्यांतून मधल्या गाड्यांत उतरलं, हे आर्म-बिर्म सगळं त्या घराण्यातलं. तुमच्याकडे बीमला पुढच्या बाजूला दोनच मोठे बुश असतात, एक डावा एक उजवा. ब्रेक मारला किंवा स्पीडब्रेकरवरून उतरलात आणि मागून धडधडलं तर तेच बघायचे. बाकी या पानावरचं, गाडीच्या उंचीवर बोल्ट टाइट करण्याचं जे पुढे येतंय, ते मात्र तुम्हालाही लागू.

प्रश्न: आतला बोल्ट फिरतो पण बाहेर येत नाही. नट निघालाय. हातोडीने आटे चपटे झाले थोडे. आता काय?

बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झालाय आणि तुम्ही फिरवताय तेव्हा नळीसकट फिरतोय, रबर पीळ खाऊन परत आणतंय. रॅचेट हातात स्प्रिंगसारखी मागे येते ना, तीच खूण. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री मारलं तर नटाला उपयोग होतो, पण नळीच्या आत पोचायला त्याला वाटच नसते, म्हणून नुसत्या तेलाच्या भरवशावर राहू नका.

ठोकायचं असेल तर नट शेवटपर्यंत चढवून बोल्टच्या टोकाशी सपाट आणा आणि मग ठोका, म्हणजे मार आट्यांवर पडत नाही. इम्पॅक्ट गन असेल तर पुढेमागे झटके द्या. गरम करायचा सल्ला सगळे देतात, मी देणार नाही. तिथे शेजारीच पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचे पाइप असतात, बुशचं रबर पेटतं आणि घाण धूर होतो, आणि आर्म अॅल्युमिनियमचा असेल तर तो नरम पडतो ते वेगळंच. बुश नाहीतरी बदलायचाय ना, मग बोल्ट कापा. बुशची नळी आणि ब्रॅकेट यांच्या फटीत बारीक पात्याची रेसिप्रोकेटिंग सॉ (पुढेमागे चालणारी यांत्रिक करवत) घालायची, दोन्ही बाजूंनी, ब्रॅकेटला ओरखडा न पडेल असं. नवीन बोल्ट, नट, एक्सेंट्रिक वॉशर आधी आणून ठेवा आणि मग कापा, नाहीतर गाडी स्टँडवर आणि तुम्ही दुकानाच्या पायरीवर.

अजून एक, काही गाड्यांत बोल्ट सुटतो पण पूर्ण बाहेर यायला जागाच नसते, टाकी नाहीतर सबफ्रेम आडवी येते. तिथे सबफ्रेम थोडी खाली घ्यावी लागते. बोल्टची लांबी आणि समोरची मोकळी जागा आधीच बघून घ्या. नवीन बोल्ट बसवताना नळीत जाणाऱ्या गुळगुळीत भागाला अँटी-सीझचा (गंजून अडकू न देणाऱ्या पेस्टचा) पातळ हात मारा, आट्यांवर नको, आटे तेलकट झाले की त्याच टॉर्कला (आवळायच्या ठरलेल्या जोराला) बोल्ट जास्त ताणला जातो.

प्रश्न: आर्म काढून टेबलावर ठेवलाय. बुशच्या रबराला बारीक चिरा आहेत आणि एका बुशला तर दोन मोठी भोकं दिसतायत आरपार. आर्म फेकू की बुश बदलू की परत लावू?

भोकं बघून घाबरू नका, ती बहुतेक कंपनीनेच ठेवलेली असतात. बुश एका दिशेला नरम आणि दुसऱ्या दिशेला कडक हवा म्हणून रबरात पोकळ्या ठेवतात. कडा गुळगुळीत आणि दोन्ही बाजूंना सारख्या असतील तर डिझाइन, एकच बाजू आणि कडा खरखरीत फाटलेल्या असतील तर नुकसान. बुश बदलायचा झाला तर या पोकळ्यांची दिशा आर्मवर खुणेने नोंदवून ठेवा, तिरका बसला तर गाडी ब्रेकमध्ये वेगळीच वागते. वरवरच्या बारीक चिरा म्हणजे रबराचं वय, त्यावरून बाद करू नका. नळीतून बोल्ट घालून हाताने चारी बाजूंना दाबा. चीर उघडून खोल जाते का, रबर नळीपासून किंवा बाहेरच्या कड्यापासून सुटलंय का, नखाने फटीत जाता येतंय का, ते बघा. सुटलं असेल तर बाद. आणि बुशखाली काळा तेलकट ओघळ असेल तर तो द्रव भरलेला हायड्रो बुश होता आणि तो रिकामा झालाय, वरून रबर कितीही छान दिसो.

आता आर्म. धुवा, वायर ब्रश मारा, चिखलात झाकलेल्या आर्मची तपासणी म्हणजे तपासणी नाहीच. पत्र्याचा दाबून केलेला आर्म असेल तर तो आतून गंजतो, स्प्रिंगच्या कपात पाणी निघायचं भोक असतं ते चिखलाने बुजतं आणि तिथून सडायला लागतो. स्क्रूड्रायव्हरने कप आणि वेल्डिंगच्या कडा टोचून बघा, पापुद्रे सुटत असतील किंवा टोक आत जात असेल तर विषय संपला, वरून पेंट मारून परत लावायचा नाही. क्रॅक बहुधा वेल्डिंगच्या शेजारी किंवा बुशच्या कड्याच्या मुळाशी सुरू होतो आणि पेंटमधून गंजाची केसाएवढी तपकिरी रेघ दिसते. अॅल्युमिनियमला तांबूस गंज येत नाही, म्हणून तिथे क्रॅक दिसायला अवघड. शंका असेल तर डाय पेनिट्रंटचा सेट मिळतो, साफ करून लाल रंग मारायचा, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ थांबायचं, पुसायचं, वरून पांढरा डेव्हलपर. क्रॅक असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते.

वाकलाय का ते नुसत्या नजरेने कळत नाही. सरळ लिंक असेल तर दुसऱ्या बाजूची काढून एकावर एक ठेवा, एका भोकातून बोल्ट ओवा आणि दुसरं भोक जुळतंय का बघा. लोअर आर्म डावा-उजवा बऱ्याचदा आरशातल्यासारखा उलटा असतो, तो असा जुळणार नाही, तिथे दोन्ही सपाट टेबलावर ठेवून भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मापं घ्या. टोकाला बॉल जॉइंट (वाटीत गोळा फिरतो तसा सांधा) असेल तर तो जड पण एकसारखा फिरायला हवा, ढिला पडला किंवा मध्येच अडला किंवा बूट फाटून ग्रीसमध्ये माती गेली की बदलायचा.

आणि आर्म बघता बघता ज्यात तो बसतो ते विसरू नका. बोल्टच्या गुळगुळीत भागावर चकचकीत खाच पडली असेल तर तो सैल चालत होता. मग सबफ्रेमच्या ब्रॅकेटचं भोकही लांबट झालंय का बघा. लांबट झालं असेल तर नवीन आर्म आणून आवाज जाणार नाही आणि शिव्या मला पडतील.

बुश दाबून काढताना आणि बसवताना प्रेसचा दाब बाहेरच्या कड्यावर, रबरावर किंवा आतल्या नळीवर कधीच नाही. सरकायला साबणाचं पाणी वापरा. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं.

प्रश्न: मागचे सगळे बुश नवीन टाकले, ओरिजिनल. काही महिन्यांतच परत फाटले. गाडी मागून थोडी उंचही वाटत होती. पार्ट डुप्लिकेट होते का?

पार्टवर बोट ठेवण्याआधी विचारा, बोल्ट टाइट केले तेव्हा चाकं कुठे होती? मला खात्री वाटते की हवेत लटकत होती.

या बुशमध्ये काहीच फिरत नाही, लोकांना वाटतं आर्म बोल्टभोवती दरवाजासारखा फिरतो, तसं नाहीये. आतली नळी बोल्टने ब्रॅकेटमध्ये आवळली जाते आणि जागची हलत नाही, बाहेरचं कडं आर्मबरोबर हलतं, आणि मधलं रबर पीळ खातं आणि सोडतं. म्हणजे बोल्ट ज्या क्षणी आवळला ती रबराची आरामाची जागा. आता ४० सेंटिमीटरचा आर्म धरा, लटकलेलं चाक आणि गाडी जमिनीवर असतानाचं चाक यात १० सेंटिमीटर फरक, हे झाले साधारण १४ अंश. लटकत असताना आवळलं तर गाडी पार्किंगमध्ये नुसती उभी असतानाही रबर १४ अंश पिळलेलं, आणि खड्ड्यात त्याच्याही पुढे. फाटेल नाहीतर काय. आणि ते पिळलेलं रबर परत जायला बघतं, म्हणून मागची बाजू उंच वाटते. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच.

बरोबर पद्धत अशी, सगळे बोल्ट हाताने बसवायचे, नट टेकेपर्यंत, पण आवळायचे नाहीत. मग नकलखाली जॅक लावून चाक वर उचलत न्या, मडगार्डवर लिहिलेला तो आकडा येईपर्यंत, आणि त्या जागेवर टॉर्क रेंच. उचलताना गाडी स्टँडवरून सुटायला लागली तर तिथेच थांबा, मागे डिकीत वजन ठेवा, किंवा चाकं लावून रॅम्पवर घ्या आणि खालून आवळा. पिट असेल तर सगळ्यात उत्तम. टॉर्क तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्या, शेजारच्या गाडीचा नाही. ९० न्यूटन मीटर अधिक ९० अंश असं काहीतरी लिहिलं असेल तर तो बोल्ट बहुधा मुद्दाम ताणला जाणारा आहे, असे बोल्ट साधारण एकदाच वापरायचे असतात, मॅन्युअल नवीन टाका म्हणत असेल तर टाका. लॉकनटचंही तेच.

बॉल जॉइंट आणि धातूच्या गोल जॉइंटना हा नियम लागत नाही, ते खरोखर फिरतात. पॉलियुरेथेनचे बुश बहुतेक नळीभोवती सरकतात, त्यांनाही नाही, पण त्यांना त्यांचं ठरलेलं ग्रीस लागतं, नाही दिलं तर चुंईचुंई करतात. रोजच्या गाडीला मी रबरच लावीन, पॉलीने मागून आवाज आणि हादरे जास्त येतात आणि मल्टिलिंकमध्ये काही बुशना एकाच वेळी दोन दिशांना वाकावं लागतं, ते कडक पॉलीला जमत नाही.

प्रश्न: आर्म एकाच बाजूचा बदलला तर चालेल का, आणि अलाइनमेंट मागची पण करावी लागते का? आमच्याकडे सगळे पुढचीच करतात.

वाकलाय म्हणून बदलत असाल तर एक बाजू चालेल. बुश झिजले म्हणून बदलत असाल तर दोन्ही, दुसऱ्या बाजूनेही तेवढेच किलोमीटर खाल्लेत. अलाइनमेंट मागची करायचीच, आणि आधी मागची, मग पुढची. मागची चाकं ज्या दिशेला बघतात ती गाडीची खरी चाल, ती तिरकी असेल तर पुढची कितीही सेट करा, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडंच राहणार. खुणा जुळवून लावलं तरी करा, खुणा तुम्हाला फक्त तिथपर्यंत गाडी चालवत न्यायला आहेत.

प्रश्न: मागचं चाक फुटपाथच्या कडेला जोरात आपटलं, अॅल्युमिनियमची वरची आर्म वाकलीये. एक जण गरम करून सरळ करून देतो म्हणतो. करू का?

नको. असा आर्म उष्णता देऊन मजबूत केलेला असतो, परत तापवला की ती ताकद जाते. आणि अॅल्युमिनियम लोखंडासारखं लाल होत नाही, त्यामुळे किती तापलं हे बघणाऱ्याला कळतही नाही. थंडच ठोकून सरळ केला तर वाकलेल्या जागी क्रॅकची सुरुवात करून देता. पत्र्याचा असता तरी हेच सांगितलं असतं. नवीन लावा, किंवा वापरलेला घेणार असाल तर वरच्या उत्तरातली सगळी तपासणी करून घ्या. आणि एवढा मार आर्मपर्यंतच थांबला असं धरून चालू नका, चाकाची रिम, बेअरिंग आणि नकल बघा. नवीन आर्म बसवताना भोकं आपोआप जुळायला हवीत, टॉमीने ओढून बोल्ट घालावा लागत असेल तर तिथेच थांबा आणि सबफ्रेमचा ब्रॅकेट दुसऱ्या बाजूशी मोजून बघा.